काढता आलं पाहिजे

जुन्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पानं हाताशी आहेत आणि त्यांतला मजकूर शोधता येईल, दुरुस्त करता येईल अशा रूपात हवा आहे. डेबियन किंवा उबुंटू वापरणारा माणूस अशा वेळी टर्मिनल उघडून एक ओळ लिहितो: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार’. पासवर्ड, मग एक यादी, मग ‘वाय’. थोड्याच वेळात अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी मराठीची माहिती संगणकावर येऊन बसते. सोबत न मागितलेली मंडळीही आलेली असतात: चित्रांवर प्रक्रिया करणारी लेप्टोनिका ही लायब्ररी, इंग्रजीची माहिती, पान उभं आहे की आडवं हे ओळखणारी आणखी एक फाइल. ही मंडळी लागणार हे ॲप्टला ठाऊक होतं. वापरणाऱ्याला ते ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

काम संपल्यावर तोच माणूस ‘ॲप्ट रिमूव्ह टेसरॅक्ट-ओसीआर’ असं लिहितो. प्रोग्रॅम जातो, पण लेप्टोनिका राहते. खाली एक सूचना उमटते की अमुक पॅकेजेस आपोआप आली होती आणि आता त्यांची गरज उरलेली नाही. बहुतेक लोक ती वाचत नाहीत. अशा न वाचलेल्या सूचना दोन-तीन वर्षं साठल्या की ‘लिनक्स जड व्हायला लागलं’ अशी तक्रार सुरू होते आणि मग कोणी तरी डिस्क पुसून नव्याने सगळं बसवण्याचा सल्ला देतं.

सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रश्न गेल्या तीस वर्षांत बऱ्यापैकी सुटला आहे. काढण्याचा प्रश्न मात्र अजून अर्धामुर्धाच सुटलाय. या विषयावरच्या लेखांत काढण्याला शेवटच्या दोन ओळी मिळतात, हे मला उलटं वाटतं. एखादी पॅकेज व्यवस्था किती चांगली आहे हे जोखायचं तर ती काय आणि किती सहज बसवते हे पाहू नये, ती काढते कशी हे पाहावं. काढण्यासाठी आधी काय केलं होतं ते आठवावं लागतं, दुसऱ्या कोणाला त्याची गरज आहे का हे तपासावं लागतं आणि वापरणाऱ्याची स्वतःची वस्तू कोणती हेही ओळखावं लागतं. बसवताना या तिन्ही गोष्टींत चालढकल केली तरी भागतं.

पॅकेज नावाची वस्तू रुळण्याआधीची रीत आठवून पाहा. सोर्स कोडची टार फाइल उतरवायची, ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या तीन आज्ञा द्यायच्या. तिसरी आज्ञा फाइली जागोजाग पेरून मोकळी व्हायची: चालणारा प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये, लायब्ररी दुसऱ्यात, मदतीची पानं तिसऱ्यात. कुठे काय ठेवलं याची नोंद कुठेच नसे. काही लेखक सौजन्याने ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय करून ठेवत, पण ती चालवायला मूळ टार फाइल जपून ठेवलेली हवी, आणि ती सहसा जागा वाचवण्यासाठी आधीच उडवलेली असे. या अडचणीवर ग्नू स्टो या छोट्या प्रोग्रॅमने १९९३ च्या सुमारास सुंदर तोड काढली. प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहील आणि नेहमीच्या ठिकाणी फक्त त्याचे दुवे असतील. काढायचं म्हणजे दुवे पुसायचे. ही कल्पना पुढे पुन्हा भेटणार आहे, फार मोठ्या रूपात.

व्यापारी युनिक्सकडे तेव्हाही ‘पीकेजी-ॲड’ आणि ‘पीकेजी-आरएम’ ही जोडी होती. एटी अँड टीच्या सिस्टिम व्ही मालिकेच्या चौथ्या आवृत्तीतून ती सोलॅरिसमध्ये गेली. लिनक्सच्या जगात १९९३ साली आलेल्या स्लॅकवेअरने साध्या टार फाइलींनाच पॅकेज म्हटलं आणि काय बसवलं याची यादी ठेवली. मात्र कोणतं पॅकेज कशावर अवलंबून आहे, यात स्लॅकवेअरने लक्ष घातलं नाही. आजही ती व्यवस्था ते काम वापरणाऱ्यावर सोपवते आणि तिच्या चाहत्यांना यातच स्वाभिमान वाटतो.

खरी पायाभरणी दोन ठिकाणी झाली. इयन मरडॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी ‘डीपीकेजी’ आकाराला आलं; सुरुवातीला शेल स्क्रिप्ट, मग पर्ल, आणि अखेर इयन जॅक्सन यांच्या हातून सी भाषेत. रेड हॅटमध्ये मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी १९९५ साली ‘आरपीएम’ आणलं. दोन्हींचं हृदय एकच आहे: नोंदवही. डीपीकेजीची नोंदवही तर साध्या मजकुराच्या फाइलींची आहे, कोणीही उघडून वाचावी. ‘व्हार’ फोल्डरच्या पोटात प्रत्येक पॅकेजच्या नावाने एक यादी असते आणि त्या पॅकेजने आणलेली प्रत्येक फाइल तीत लिहिलेली असते. ‘डीपीकेजी’ला मोठा एल जोडून पॅकेजचं नाव दिलं की ती यादी समोर येते. मोठा एस जोडून फाइलचा पत्ता दिला की ती कोणत्या पॅकेजची ते कळतं. टर्मिनलवर नव्याने आलेल्या कोणालाही या दोन आज्ञा ‘इन्स्टॉल’च्याही आधी शिकवाव्यात, असं मला फार वाटतं. आपल्या संगणकावरची एखादी फाइल आली कुठून, हे विचारता येणं आणि त्याला उत्तर मिळणं ही साधी गोष्ट नाही.

पण फक्त फाइलींची यादी पुरत नाही. पॅकेज बसताना नवा सिस्टिम-वापरकर्ता तयार करावा लागतो, सेवा सुरू करावी लागते, फॉन्टची सूची ताजी करावी लागते. त्यासाठी डेबियनच्या पॅकेजमध्ये चार छोट्या स्क्रिप्ट असू शकतात: बसवण्याआधीची, बसवल्यानंतरची, काढण्याआधीची आणि काढल्यानंतरची. व्यवस्थेतली नाजूक जागा हीच. यादीतली फाइल पुसणं यांत्रिक काम आहे. स्क्रिप्टने जे केलं ते उलटवणं मात्र ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून. बसवण्याची स्क्रिप्ट चुकली तर लगेच बोंब होते. काढण्याची चुकली तर कित्येक महिने कोणाला पत्ताही लागत नाही, कारण ती चालवून पाहणारे थोडे.

‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ यांतला फरकही इथलाच. ‘रिमूव्ह’ प्रोग्रॅम काढतं, पण ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलींना हात लावत नाही. वेबसर्व्हरच्या त्या फाइलींवर कोणी तरी रात्र जागवलेली असू शकते. प्रोग्रॅम परत बसवला तर ती मेहनत जागेवर मिळावी हा हेतू. ‘पर्ज’ त्याही फाइली काढतं. फक्त ‘रिमूव्ह’ करून सोडलेली पॅकेजेस डीपीकेजीच्या यादीत ‘आरसी’ या दोन अक्षरांनी ओळखता येतात: काढलेलं, पण सेटिंग शिल्लक. जुन्या कुठल्याही सर्व्हरवर ही यादी काढून पाहावी. कोणत्या काळात कोणी कशाचा नाद केला होता, सगळं बाहेर येतं.

आता अवलंबनाकडे, म्हणजे ‘डिपेंडन्सी’कडे. सुरुवातीच्या डीपीकेजी आणि आरपीएमला एवढंच सांगता यायचं की ‘अमुक लायब्ररी नाही, म्हणून बसवत नाही’. ती लायब्ररी आणून द्यायची कोणी? तुम्ही. ती आणली की तिला आणखी दोन हव्या असत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे लिनक्स शिकलेल्या पिढीने हा छळ पुरेपूर सोसला, कारण तिचं लिनक्स पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत आलेल्या सीडीवरून यायचं आणि सीडीवर जे नसेल ते सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणावं लागायचं. एका आरपीएमसाठी निघालेला माणूस पाच उतरवून परतायचा आणि घरी आल्यावर सहावं राहिल्याचं कळायचं.

डेबियनने यावर १९९८-९९ मध्ये ॲप्ट आणलं. १९९९ च्या मार्चमधल्या २.१ आवृत्तीत ते सगळ्यांच्या हाती आलं. ॲप्ट स्वतः पॅकेज बसवत नाही. ते भांडाराची यादी वाचतं, काय काय लागेल याचा हिशेब करतं, फाइली आणतं आणि योग्य क्रमाने डीपीकेजीच्या हवाली करतं. भांडार नेटवर असो वा सीडीवर, त्याला फरक पडत नाही. उबुंटूकडून २०११ पर्यंत फुकट पोस्टाने येणाऱ्या सीडींवर आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांतली पोरं याच सोयीमुळे निभावून गेली. आरपीएमच्या बाजूला हेच काम ‘यम’ने केलं. पॉवरपीसी संगणकांसाठीच्या यलो डॉग लिनक्सच्या अपडेटरपासून ते निघालं आणि ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल आणि सहकाऱ्यांनी ते वाढवलं. त्याच्या जागी आलेलं ‘डीएनएफ’ २०१५ पासून फेडोरा या लिनक्समध्ये मुख्य आहे.

हा हिशेब दिसतो तेवढा सोपा नाही. एका पॅकेजला लायब्ररीची तीनपेक्षा नवी आवृत्ती हवी, दुसऱ्याला तीनच हवी, तिसऱ्याचं चौथ्याशी वाकडं. सगळ्यांचं समाधान करणारी निवड शोधणं हा गणितात अतिशय अवघड गणल्या जाणाऱ्या कोड्यांचाच एक अवतार आहे, हे ईडॉस या युरोपीय प्रकल्पातल्या संशोधकांनी २००६ च्या सुमारास सिद्ध केलं. ओपनसुसेने २००८ साली तर्कशास्त्रातली कोडी सोडवणारं यंत्रच पॅकेज निवडायला जुंपलं. तेच पुढे डीएनएफनेही घेतलं. व्यवहारात उत्तर क्षणात मिळतं, कारण भांडारं सांभाळणारी माणसं आधीच अशी गुंतवळ होऊ देत नाहीत. त्यांचं हे काम दिसत नाही आणि त्याबद्दल कोणी आभारही मानत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजेस आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे कोणी तरी एक माणूस किंवा गट उभा आहे. लिबरऑफिसचा मराठी अवतार, ॲस्पेलचा मराठी शब्दकोश, लोहित देवनागरी हा फॉन्ट हे सगळे याच रांगेतले. इंग्रजी पॅकेजसारखेच एका आज्ञेत येतात आणि एका आज्ञेत जातात.

काढण्याच्या बाबतीत ॲप्टने घातलेली सगळ्यात मोलाची भर म्हणजे एक छोटीशी खूण. तुम्ही नाव घेऊन मागितलेलं पॅकेज आणि त्याच्यापायी आपोआप आलेलं पॅकेज, हा भेद नोंदवून ठेवायचा. मग आपोआप आलेल्याची कोणालाच गरज उरली नाही की ‘ऑटोरिमूव्ह’ ते उचलून नेतं. लेप्टोनिकाचा निकाल असा लागतो. कल्पना निर्दोष वाटते, तरी तिने बऱ्याच जणांचं डेस्कटॉप उडवलं आहे. झालं असं की ग्नोमसारखं संपूर्ण डेस्कटॉप बसवताना आपण ‘ग्नोम’ नावाचं एकच पॅकेज मागतो. ते आतून रिकामं असतं. त्यात फक्त इतर पॅकेजेसची मागणी असते. आपोआप आलेल्यांत एखादा नको असलेला खेळ किंवा मेलचा प्रोग्रॅम असतो. तो काढला की त्यावर अवलंबून असलेलं ते रिकामं पॅकेजही जातं, आणि ते गेलं की उरलेल्या सगळ्या डेस्कटॉपला नावाने मागणारं कोणी राहत नाही. पुढच्या ‘ऑटोरिमूव्ह’ला दीडदोनशे नावांची यादी येते. घाईत ‘वाय’ दाबणाऱ्याला काळा पडदा दिसतो. यंत्राने नियम पाळला, चूक कोणाचीच नाही, आणि तरी हे व्हायला नको होतं. उपाय आहे, ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ म्हणून हवी ती नावं आपल्या मागणीत नोंदवायची. पण ज्याला तो माहीत असतो तो या खड्ड्यात पडत नाही.

याहून गाजलेला प्रसंग २०२१ च्या नोव्हेंबरचा. लायनस सेबॅस्टियन हे कॅनडातले यूट्यूबवरचे बडे तंत्रसमीक्षक पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा खेळांचा प्रोग्रॅम बसवत होते. बसवत होते, काढत नव्हते. पण भांडारात तेव्हा आवृत्त्यांचा मेळ बसत नव्हता, आणि ॲप्टने काढलेल्या उत्तरात स्टीम येत होतं आणि डेस्कटॉपच जात होतं. ॲप्टने तसं स्पष्ट लिहिलं आणि अट घातली की पुढे जायचं असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे पूर्ण वाक्य टंकित करा. त्यांनी ते केलं. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला आणि दोन तट पडले: ‘वाचलं का नाही?’ म्हणणारे आणि ‘खेळ बसवताना डेस्कटॉप काढण्याचा पर्याय पुढे ठेवावाच का?’ म्हणणारे. मी दुसऱ्या तटात आहे. इशारा इतका लांब होता की त्यातला जीवघेणा भाग यादीत हरवला होता. ॲप्टच्या कर्त्यांनाही काही तरी पटलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी ते वाक्य टंकित करून पुढे जाण्याची वाट बंद केली. अत्यावश्यक पॅकेज काढायचंच असेल तर आता आज्ञेतच वेगळा पर्याय लिहावा लागतो.

नोंदवहीला वळसा घालून चालणाऱ्या स्क्रिप्टांचे प्रताप याहून भयंकर आहेत. २०११ साली बंबलबी या ग्राफिक्स कार्डाशी निगडित सॉफ्टवेअरच्या बसवण्याच्या स्क्रिप्टमध्ये पुसण्याच्या आज्ञेत एक जागा जास्त पडली. ‘यूएसआर’च्या आतला एक खोलवरचा फोल्डर पुसायचा होता, त्या मोकळ्या जागेमुळे संगणकाने आधी ‘यूएसआर’ संपूर्ण पुसला, म्हणजे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम. २०१५ च्या जानेवारीत स्टीमच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये तसाच दोष सापडला. स्वतःचं फोल्डर पुसताना त्याचा पत्ता ज्या नावात ठेवला होता ते काही परिस्थितींत रिकामं राहायचं, आणि मग पुसणं मुळापासून सुरू व्हायचं. वापरणाऱ्याच्या घरच्या फाइली, जोडलेली बाहेरची डिस्क, जे पुसता येईल ते गेलं. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच ‘स्केअरी!’ असा शेरा मारून ठेवला होता, ही त्या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट.

आज यांचा वारसा ‘कर्ल’ने स्क्रिप्ट आणून थेट ‘सुडो बॅश’च्या तोंडी देण्याच्या फॅशनकडे आहे. बऱ्याच नामवंत प्रकल्पांच्या पानावर पहिली सूचना हीच असते. सुरक्षेची बाजू सगळे सांगतात. मला खटकतं ते दुसरंच: ही स्क्रिप्ट काय कुठे ठेवून गेली याची नोंद कोणाकडे? रस्ट भाषेची बसवणी याच मार्गाने होते, पण तिने ‘सेल्फ अनइन्स्टॉल’ची आज्ञा दिली आहे. इतक्या सभ्यपणे वागणारे थोडे.

प्रोग्रॅमिंग भाषांनी आपापली वेगळी दुकानं थाटली. पायथनचं ‘इझी-इन्स्टॉल’ हे साधन बसवायचं, पण काढायची आज्ञाच त्यात नव्हती. २००८ साली आलेलं ‘पिप’ लोकप्रिय झालं त्याला जी कारणं होती त्यांत ‘अनइन्स्टॉल’ हे एक. तरी ‘पिप’ आजही फक्त नाव घेतलेलं पॅकेज काढतं. त्याच्यापायी आलेली दहा तशीच राहतात. त्यातून ‘सुडो पिप’ केलं की डीपीकेजीच्या नोंदीतल्या फाइलींवर पिपच्या फाइली बसतात आणि दोन नोंदवह्या एकाच जागेवर हक्क सांगू लागतात. अखेर पायथनवाल्यांनी भाषेचा नियमच केला, आणि २०२३ सालच्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप घुसवायचा प्रयत्न केला तर नकार मिळतो. तरीही करायचंच असेल तर द्यायच्या पर्यायाचं नाव आहे ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’. इतकं प्रामाणिक नाव सॉफ्टवेअरमध्ये क्वचित भेटतं. शहाणा मार्ग म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळं ‘व्हेन्व्ह’ फोल्डर करणं. काम संपलं की फोल्डर पुसलं, विषय संपला. ही स्टोचीच युक्ती, वेगळ्या वेशात.

काढण्याची उलट बाजूही आहे: वापरणाऱ्याने नाही, देणाऱ्याने माल काढून घेतला तर? २२ मार्च २०१६ रोजी अझर कोचुलू या प्रोग्रॅमरने नावावरून झालेल्या वादात चिडून जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातली आपली सगळी पॅकेजेस मागे घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ होतं, शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं ११ ओळींचं काम. बेबेलसारखे मोठे प्रकल्प नकळत त्यावर उभे होते आणि जगभर ठिकठिकाणी बांधणी थांबली. काही तासांत एनपीएमने ते पॅकेज परत ठेवलं आणि मागे घेण्याचे नियम कडक केले. डेबियनसारख्या डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या तयार संचात, ही वेळ सहसा येत नाही, कारण भांडारात ठेवलेली प्रत डिस्ट्रोची असते. मूळ लेखक रुसला तरी ती जात नाही. भांडारं संथ आणि जुनाट असल्याची टीका करताना हे विसरलं जातं.

पण मूळ प्रकल्प सांभाळणाऱ्यांतलाच कोणी दगाबाज निघाला तर? २९ मार्च २०२४ ला मायक्रोसॉफ्टमधले अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. दूरच्या संगणकावर एसएसएचने शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या धाग्यावरून त्यांनी ते शोधलं. एसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. डेबियन आणि फेडोरासारख्या डिस्ट्रोंनी एसएसएचला सेवा सांभाळणारं सिस्टिमडी जोडलं होतं आणि त्या सिस्टिमडीच्या लायब्ररीला एक्सझेडची लायब्ररी लागत होती. न मागितलेल्या मंडळींपैकी कोणी एक, तिच्या सोबत आलेली दुसरी, आणि घराचं कुलूप तिच्या हाती. स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोचण्याआधी पकडलं गेलं, हे नशीब.

इथे काढण्याची एक विलक्षण अडचण समोर आली. पॅकेज व्यवस्थांना पुढे जाता येतं, आपणहून मागे येता येत नाही. ५.६.१ बसलेल्या संगणकाला ५.४.५ दिलं तर तो म्हणणार, हे जुनं आहे, नको. म्हणून डेबियनने जुनाच माल ‘५.६.१+रिअली५.४.५’ या नावाने पाठवला. आकडा पुढचा, पोटात मागचा, आणि मधे ‘खरं म्हणजे’ अशी कबुली. तीस वर्षांच्या कारागिरीनंतरही एक पाऊल मागे घ्यायला असं नाव पांघरावं लागतं. फेडोराच्या बाजूला ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ आहे. आधीचा व्यवहार उलटा फिरवायचा प्रयत्न ते करतं, पण जुनी आवृत्ती भांडारात अजून असली तरच.

मागे येणं खरोखर सोडवलं ते निक्सने. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठात हे काम सुरू केलं आणि २००६ साली त्यावर प्रबंध लिहिला. निक्समध्ये प्रत्येक पॅकेज स्वतःच्या फोल्डरमध्ये, आणि फोल्डरच्या नावात ते पॅकेज ज्या ज्या गोष्टींपासून बनलं त्या सगळ्यांची गणिती खूण. एकाच लायब्ररीच्या चार आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदतात. वापरणाऱ्याला दिसतो तो फक्त दुव्यांचा संच; नवं काही बसवलं की नवा संच तयार होतो आणि जुना तसाच राहतो. मागे यायचं म्हणजे जुन्या संचाकडे बोट वळवायचं. कशाचाच दुवा नसलेली फोल्डरं सवडीने झाडायला वेगळी आज्ञा आहे. किंमत मोजावी लागते ती डिस्कवरच्या जागेची, आणि त्याहून जास्त शिकण्याच्या श्रमाची. निक्सची स्वतःची भाषा भल्याभल्यांना घाम फोडते. फेडोरा सिल्व्हरब्लू हीच गोष्ट जरा ढोबळपणे करतं: सगळी मूळ सिस्टिम एकच अखंड प्रत, बदलायची तर अख्खी, परत यायचं तर आधीच्या अख्ख्या प्रतीकडे.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक यांनी २०१६ च्या आसपास वेगळी वाट धरली: प्रत्येक प्रोग्रॅमने आपला बराचसा शिधा सोबत आणावा. काढणं त्यामुळे सोपं होतं, कारण दुसऱ्या कोणाचं त्यात अडकलेलं नसतं. स्नॅप काढलं तरी तुमच्या माहितीची प्रत ३१ दिवस राखून ठेवतं. कोणाला ती दयाबुद्धी वाटते, कोणाला डिस्क भरणारी लुडबुड. उबुंटूने क्रोमियम ब्राउझर ॲप्टने मागितला तरी स्नॅपच आणून द्यायला सुरुवात केल्यावर चिडलेल्या लिनक्स मिंटने २०२० साली स्नॅपला दारातच अडवलं. त्या भांडणात मिंटची बाजू मला पटते. मागितलं एक आणि दिलं दुसरं, तर नोंदवहीवर विश्वास कसा ठेवायचा?

मॅक आणि विंडोजबद्दल थोडक्यात. मॅकचा स्वतःचा इन्स्टॉलर पावती ठेवतो, पण त्यावरून काढण्याची आज्ञा देत नाही. ‘पीकेजीयुटिल’चं ‘फर्गेट’ फक्त पावती विसरतं, फाइली तिथेच. ती उणीव २००९ पासून होमब्रू भरून काढतंय. विंडोजमध्ये २०२१ साली पक्कं झालेलं विंगेट बहुतेक वेळा ज्या त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलरलाच हाक मारतं, म्हणजे सफाई किती होईल ते त्या कंपनीच्या मर्जीवर.

शिल्लक राहणारी प्रत्येक गोष्ट मात्र हलगर्जीपणाची नसते. डेबियनची बरीच पॅकेजेस स्वतःसाठी तयार केलेला सिस्टिम-वापरकर्ता ‘पर्ज’नंतरही मुद्दाम मागे ठेवतात, कारण त्याचा क्रमांक उद्या दुसऱ्याला मिळाला तर पहिल्याच्या विसरलेल्या फाइली आपोआप त्याच्या मालकीच्या होतील. पोस्टग्रेस ‘पर्ज’ करताना डेटाबेसही पुसायचा का, हे वेगळं विचारलं जातं. आणि घरच्या फोल्डरला, म्हणजे ‘होम’ला, पॅकेजने हात लावायचा नाही हा अलिखित नाही, चांगला लिहिलेला दंडक आहे. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांत प्रत्येक प्रोग्रॅमच्या आठवणी तिथे साठत जातात. त्या साफ करण्याचं काम अजून माणसाकडेच आहे.

दरम्यान ॲप्टची ३.० आवृत्ती २०२५ साली आली. तिच्यात हिशेब करणारं नवं यंत्र आहे, पण रोज वापरणाऱ्याच्या नजरेत भरतो तो रंग. येणाऱ्या पॅकेजेसची नावं हिरवी, जाणाऱ्यांची लाल आणि वेगळ्या रांगेत.